मेहकचा फोटो

दत्तक द्यायच्या मुलांचे फोटो वेबसाईटवर टाकायचे म्हणून बालगृहानं झिशानला बोलावलं. लहान पोरांचे फोटो काढण्यात अख्ख्या कोल्हापुरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं रंगीत पडदा लावला, फुगे बांधले, माकडासारख्या उड्याही मारल्या. सगळी पोरं खदखदून हसली. त्यांच्यात सगळ्यात मोठी, आठ वर्षांची मेहक मात्र तोंड मिटून उभी राहिली.

झिशान कॅमेरा बाजूला ठेवून तिच्यापुढं गुडघ्यावर बसला.

"हस की गं, बाळा. हसरा फोटो बघून आई-बाबा लगेच न्यायला येतील बघ."

मेहकनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं.



"मागच्या दोन्ही वेळंला लई हसलेली की मी, काका. कोणच आलं न्हाय. आता रडून बघू काय?"