तिसरी ओळ

वर्गात लावलेल्या व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून फिनलंडच्या शिक्षिकेने विचारलं, "तुमच्या वर्गातली मुलं घरी कोणत्या भाषा बोलतात?"

"मराठीच," चव्हाणबाई सवयीने म्हणाल्या.

मग त्या शिक्षिकेने आपल्या आईची अंगाई म्हटली, तिथल्या आदिवासींच्या भाषेत, जी त्या आईला लहानपणी शाळेत बोलू दिली नव्हती. शब्द कळले नाहीत, पण बाईंना तांड्यावरची झोळी आठवली आणि ती हलवणारा आईचा हात.

"आता तुमची?"

बाईंनी पदर सावरला. वीस वर्षांनी तांड्याची गोरमाटी, बंजारा लोकांची बोली, ओठांवर आली. दोन ओळी गायल्या, तिसरी काही आठवेना. विचारायला आई राहिली नव्हती.

मागच्या बाकावरून हिरकी उठली, तांड्यावरून येणारी, वर्षभर गप्प बसलेली.

"बाई, तुम्ही आमच्यातल्या?"

"होय गं." बाईंनी तिला जवळ बोलावलं. "पुढची ओळ म्हण ना."