पुन्हा धरायला एक ॲक्शन

ताईची योद्धी राक्षसाच्या पायाशी पडली होती. तिला वाचवायचं तर आता धाकट्या भावाच्या होणाऱ्या बायकोनेच, कारण तिसरं खेळायला कोणी नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर चौकटींच्या कागदाचा नकाशा पसरला होता. राक्षस म्हणजे मिरपुडीची बाटली. ताईची योद्धी म्हणजे लाल दोऱ्याचं रीळ, शिवणाच्या डब्यातलं. होणाऱ्या बायकोसाठी मात्र धाकट्याने दुकानातून रंगवलेली बाहुली आणली होती, हातात भालाबिला घेतलेली. खेळ चालवणारा धाकटाच. पुठ्ठ्याच्या आडोशामागे राक्षसही तोच आणि न्यायाधीशही तोच.

"एका पाळीत माझ्या तीन ॲक्शन ना?" होणारी बायको बोटं मोजत म्हणाली. "भाला दोन्ही हातांनी धरलाय. एक हात सोडते, सोडायला काही लागत नाही. कमरेचं औषध काढते, एक. ताईंच्या तोंडात ओतते, दोन. आता भाला पुन्हा दोन्ही हातांनी धरते आणि भोसकते, तीन!"

"टाक फासा," धाकटा म्हणाला.

"पुन्हा धरायला एक ॲक्शन जाते," ताई म्हणाली. "भोसकायला उरत नाही."

"अगं, असू दे. पहिलीच वेळ आहे तिची. एवढं काय काटेकोर मोजायचं? टाक गं तू."

फासा पडला, चांगला पडला. धाकट्याने मिरपुडीची बाटली आडवी केली. होणाऱ्या बायकोने टाळ्या वाजवल्या. "ताई, वाचलात तुम्ही!"

खिडकीजवळच्या बाकावर बाबांचं वर्तमानपत्र होतं आणि त्यामागे बाबा. पान उलटायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला.

बाबाही खेळायचे. जन्मभर नळ दुरुस्त केलेला माणूस. त्यांचा बुटका योद्धा म्हणजे एक पितळी नट, त्याला दाढी रंगवलेली. गेल्या वर्षी तो असाच पडला. ताईने आपल्या कुऱ्हाडीवरचा एक हात काढला, औषध काढलं, त्याला पाजलं. राक्षसाचा जीव बोटभर उरला होता, एक घाव पुरला असता. पण कुऱ्हाड दोन हातांची, आणि उरलेली ॲक्शन ती पुन्हा धरण्यातच गेली. मग राक्षसाने पाय आपटला आणि बुटका कायमचा गेला.

"एवढं एकदा, फक्त बाबांसाठी," ताईने विनवलं होतं.

"नियम म्हणजे नियम," धाकटा म्हणाला होता. "बापाला सवलत दिली तर खेळाला अर्थ काय?"

बाबांनी खेळ सोडला. रागाने नव्हे, "मेलेल्या माणसाने मध्ये बोलू नये" म्हणून. उलट लेकाचं त्यांना कोण कौतुक! नळ दुरुस्त करायला ज्याच्या घरी जातील त्याला सांगायचे, आमचा मुलगा बापाचीही भीड ठेवत नाही. आणि ताईला येताजाता चिडवायचे, "पोरी, औषध पाजून मारलंस गं मला." ताई दर वेळी हसायची. तिला ते एकदाही हसण्यासारखं वाटलं नव्हतं. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिने तो डाव पुन्हा पुन्हा खेळून पाहिला होता. आधी घाव घातला असता तर? औषध हातातच ठेवलं असतं तर? शेवटी, चूक आपलीच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि आज कळलं की चूक तिची नव्हती. नियम वाकत होता. तेव्हा फक्त विनवणारी ती होती आणि मरणारे बाबा होते.

"बाबांच्या वेळी लागली होती ती ॲक्शन," ती म्हणाली.

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

धाकटा फाशाची कड नखाने खरवडू लागला. लहानपणी काच फोडल्यावर तो असाच काहीतरी खरवडत उभा राहायचा. "ताई, खेळ आहे गं. आणि तू वाचलीस ना? तुझ्याच फायद्याचं झालं की."

हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. ज्या सवलतीने बाबा वाचले असते ती आज तिच्या पदरात टाकून वर तिनेच आभार मानायचे होते.

"माझं काही चुकलं का?" होणाऱ्या बायकोने हळूच विचारलं.

"तुझं नाही गं. तू छान खेळलीस." ताई तिच्याशी खरंच गोड बोलली. मग तिने हात लांब करून मिरपुडीची बाटली पुन्हा उभी केली. "राक्षस जिवंत आहे. भाला पुन्हा दोन्ही हातांत आला, तिथेच ॲक्शन संपल्या. आता त्याची पाळी."

"ताई, अगं, कॉलेजपासून सांभाळलीयेस तू या योद्धीला! अशी कशी..."

"पाय आपट."

धाकटा जागचा हलला नाही. मग तिनेच बाटली उचलून रिळावर टेकवली. रीळ घेतलं, फाशांचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी पितळी नट होता, दाढीचा रंग थोडा उडालेला. त्याच्याशेजारी रीळ ठेवून तिने झाकण लावलं.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती मांडीवर ठेवली. धाकट्याकडे बघितलं, बराच वेळ. मग चष्म्याचं घर उचलून ते बाकावर सरकले आणि ताईसाठी जागा केली.

"ये, बस," ते म्हणाले. "मेलेल्यांना इथून सगळं नीट दिसतं."