आजाराशी बरोबरी

गोळी हातात द्यावी तर बळवंतराव भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांच्या बायकोच्या, द्वारकाक्कांच्या मते सत्तरीच्या माणसाला असला रुसवा शोभत नव्हता.

बळवंतरावांच्या रक्ताच्या आजारापुढे तीन इस्पितळांतल्या उपचार शोधणाऱ्या यंत्रांनी हात टेकले होते. ती सगळी जिंकायलाच, म्हणजे रोग समूळ घालवायलाच शिकलेली. चौथं मात्र मुळात बुद्धिबळ खेळणारं होतं. हरत आलेल्या डावात बरोबरीची खोल दडलेली चाल हुडकायची, हेच त्याचं काम. त्याने सहा दिवस विचार करून ही गोळी सुचवली. आजार जाणार नव्हता, पण पुढेही सरकणार नव्हता.

“उभ्या आयुष्यात पटावर मी कुणाशी बरोबरी मान्य केली नाही,” बळवंतराव भिंतीला म्हणाले. “आता रोगाशी करू?”

द्वारकाक्कांना पटावरचा घोडा तेवढा ओळखू यायचा. त्यांनी नवऱ्याला दंड धरून उठवलं, गोळी तोंडात घातली आणि ती गिळेपर्यंत तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. मग खाटेवर टेकल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली होती.

“जिंकायची हौस तुमची,” त्या म्हणाल्या. “मला माणूस घरात हवा होता, तो राहिला. माझ्या लेखी डाव मी जिंकले.”