हात मिळवण्याची रीत

मुलगी डावखुरी निघाली, हा घराण्याला लागलेला बट्टा आई वर्षानुवर्षं निष्ठेने पुसत होती. चमचा डाव्या हातात दिसला की एक चापट, पेन्सिल दिसली की दोन. तरी पोरगी सुधारेना, म्हणून आईने तिला स्काउट-गाईडच्या पथकात घातलं. तिथे भल्याभल्यांना शिस्त लागते म्हणे.

"बाई, हिचा डावा हात तेवढा मोडा," पहिल्याच दिवशी आई पथकाच्या बाईंना म्हणाली. "म्हणजे सवय हो."

बाईंनी मुलीपुढे हात केला. डावा.

"आमच्याकडे याच हाताने हात मिळवतात. जमेल?"

मुलीने एकदा आईकडे बघितलं आणि पाठीमागे दडवलेला हात पुढे केला. रांगेतल्या सगळ्या मुलींनी तो एकेक करून जोरजोरात हलवला. मग बाईंनी आईपुढेही डावा हात धरला. आईचा उजवाच पुढे आला, तो घाईघाईने मागे गेला, आणि डावा पदरात अडकला.

"तुझी आई उजवखुरी आहे का गं?" शेजारच्या मुलीने हळूच विचारलं.

"हो ना," मुलगी म्हणाली. "लहानपणी कुणी लक्षच दिलं नाही."