शब्दाला शब्द

या माउलींनो, जरा जवळ सरकून बसा. एका दुभाषी बाईची इवलीशी गोष्ट सांगते.

परक्या देशातली माणसं काय बोलतात, ते ही बाई कोर्टातल्या साहेबांना सांगायची. बारा वर्षांत तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. तिच्या परदेशी नवऱ्याने दोन वर्षांची लेक उचलून त्याच्या देशात नेली आणि तिथे दुसरा संसार मांडला. सहा वर्षं हिने दोन्हीकडच्या कोर्टांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे एके दिवशी लेक कोर्टात तिच्या समोरच्या खुर्चीत बसली होती. दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं, आणि तोंडात फक्त बापाची भाषा.

नेमका त्या दिवशी ठरलेला दुभाषी आजारी पडला. साहेब हसून म्हणाले, "बाई, तुम्ही असताना आमचं काय अडतंय? सोनारानेच कान टोचलेले बरे! विचारा पोरीला, आईजवळ राहशील का? हो म्हणाली की लगेच सही करतो. घेऊन जा घरी."

आईने विचारलं. लेक मान खाली घालून काहीतरी पुटपुटली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हं, काय म्हणते?"

त्या खोलीत ती भाषा दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

&nbsp;

"साहेब, ती म्हणतेय, मला या बाईंकडे ठेवू नका. मला माझ्या आईकडे परत पाठवा."

&nbsp;

माउलींनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दुभाषी बाईची तेवढी आठवण ठेवा.