घंटा गाण्यात राहिली

"फोनची घंटा तेवढी काढून टाक," म्हातारा म्हणाला. "बाकी गाणं आहे तसं राहू दे."

कानवालीने मान वर केली नाही. टेपच्या रिळावर चढलेली बुरशी ती कापसाने हलकेच टिपत होती. जुनी रेकॉर्डिंगं दुरुस्त करणाऱ्या या बाईला धंद्यात सगळे कानवालीच म्हणत. समोर स्टुलावर बसलेल्या या माणसाला आपण काय म्हणायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं. तो तिचा बाप होता. ती लहान असतानाच घर सोडून गेला होता.

"लोक ती घंटा ऐकायलाच रेकॉर्ड घेतात," ती म्हणाली. "कंपनी नव्याने काढतेय तीही त्यासाठीच."

खोटं नव्हतं ते. म्हाताऱ्याच्या रॉक बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. शेवटी त्याची गिटार एकटीच रडत राहते, गाणं हळूहळू विरत जातं, आणि अगदी बुडता बुडता स्टुडिओतला फोन खणखणतो. चाहत्यांनी त्या घंटेवर वर्षानुवर्षं डोकी फोडली होती. कुणी म्हणे तो नरकातून आलेला फोन. कुणी म्हणे कावलेला शेजारी असणार, आवाज कमी करा म्हणून.

कानवालीच्या घरात मात्र त्या घंटेवर कुणी हसत नव्हतं.

"त्या दिवशी दादा तापाने फणफणला होता," कानवाली म्हणाली. दादाला तिने फोटोतच पाहिलं होतं. ती जन्मली तेव्हा तो नव्हता. "आई घरात एकटी. तिने फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. त्याला उचलून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गिटार वाजवत होतात ना तुम्ही?"

"वाजवत होतो."

"घंटा ऐकू आली नाही?"

"आली."

"मग?"

म्हाताऱ्याने बोटांच्या टोकांवरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "चिमणे, टेप खराब झाली म्हणून सांग ना कंपनीला. झालीच आहे थोडी."

"पुरावा पुसायला आलात?"

"हवं तर तसं समज."

"आयुष्यभर आईने एकटीने ओढलं सगळं. आणि तुम्हाला अजून स्वतःच्या नावाची पडलीय."

तो उठला. दारापाशी जरा घुटमळला. "तिचा गुडघा कसा आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. आपलं सहज." आणि जिन्यावरून सावकाश उतरत गेला.

कानवालीच्या मनात एकच गोष्ट होती. रेकॉर्डवर गाणं विरतं ते नंतर विरवलेलं. मूळ टेपवर वाजवणं पुढे चालूच असणार. म्हणजे घंटेनंतर खोलीत काय झालं तेही असणार. बाप ओरडून म्हणाला असेल, "वाजू दे! थांबू नका!" तसं निघालं तर ते या नव्या रेकॉर्डवर जाणार होतं, एक अक्षर न कापता. आईला उभ्या जन्मात कुणी न्याय दिला नव्हता. आता सगळं जग ऐकेल.

तिने आईला फोन लावला.

"आई, त्या गाण्याची मूळ टेप आलीय माझ्याकडे. न कापलेली."

"कुठल्या गाण्याची?"

"कुठल्या म्हणून काय विचारतेस? आज सगळं ऐकू येईल बघ."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग आई म्हणाली, "सगळं म्हणजे?"

"घंटेच्या पुढचं."

"जाऊ दे गं बाई. कशाला उकरून काढतेस आता? म्हातारा झाला तो. जाऊ दे त्याला सुखाने."

इतकं सोसून वर ही माया. "तू थोर आहेस आई," ती म्हणाली. "पण मी नाही." आणि तिने फोन ठेवला.

टेप यंत्रावर चढली. ड्रम, बास, गिटार, गाणाऱ्याचा माइक, टेपवर ज्याचा त्याचा ट्रॅक वेगळा होता. तिने एकेक ट्रॅक बंद करत आणला. गिटार बंद केली तेव्हा क्षणभर तिचा हात अडखळला. वाजवत होता खरा जीव ओतून. शेवटी उरला गाणाऱ्याचा माइक. गाणं म्हणून झालं होतं, गाणारा बाजूला झाला होता, पण माइक कुणी बंद केला नव्हता. उघड्या माइकने खोलीतलं सगळं टिपून ठेवलं होतं. पाय आपटल्याचा आवाज. कुणाचं तरी खाकरणं.

मग घंटा. एवढी जवळ की फोन माइकच्या पायथ्याशीच असावा.

तिने आवाज वाढवला. कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. वाजू दे म्हण, ती मनात म्हणाली. म्हण एकदा.

घंटा तुटली. कुणीतरी रिसीव्हर उचलला होता.

लांबून गिटार ऐकू येतच होती, त्यामुळे बाप असणं शक्य नव्हतं. बांगड्या किणकिणल्या. दबक्या आवाजात एक तरुण बाई बोलू लागली. तो आवाज ओळखायला कानवालीचा कान लागत नव्हता.

"अरे, तू उठलास कशाला? ... हो, कळलं, अंग भाजतंय. रडू नकोस राजा, एकटा कुठे आहेस, ही काय मी बोलतेय ना? पाणी पी आणि पडून राहा. बाबांचं गाणं संपतच आलंय. आई आलीच."