रोलच्या मधोमध

बाबांनी कागदात गुंडाळलेल्या नाण्यांचा तिसरा रोल फोडला आणि नाणी टेबलावर पसरली. समोर बसलेल्या मुलीने श्वास रोखला. हवं ते नाणं याच रोलमध्ये होतं. कालच तिने ते बँकेत नेऊन दिलं होतं.

बाबा एकेक नाणं उभं धरून त्याची कड बघत होते. आताच्या नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसते, जुन्या चांदीच्या नाण्याची कड सगळी पांढरी. शंका आली की ते नाणं टेबलावर टाकायचे आणि चांदीचा नाद ऐकायला कान पुढे करायचे. नेमका डावा, ज्याने त्यांना धड ऐकू येत नव्हतं.

"बाबा, उजवा कान."

"दोन्ही सारखेच किटलेत तुझ्या बडबडीने."

एक नाणं पडलं आणि बराच वेळ किणकिणत राहिलं. बाबा ते उचलून खिडकीपाशी गेले. "आलं बघ," ते म्हणाले आणि तिच्याकडे पाहून असे हसले, की तिचा आठवडा सार्थकी लागला. मग ते नाणं त्यांनी खिशात टाकलं. संग्रह पुरता जमल्याशिवाय तो दाखवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

आई गेल्यावर या घरात कुणी हसत नव्हतं. बाबा खुर्चीत, ती आतल्या खोलीत पांघरुणात. तिची रजा संपली, मागोमाग नोकरीही गेली. अशात एकदा दुकानातल्या चिल्लर मोजायच्या यंत्राने बाबांची सगळी नाणी गिळली आणि एकच परत थुंकलं. जुनं, चांदीचं, यंत्राला न ओळखता आलेलं. तेव्हापासून बाबा बँकेतून नाण्यांचे रोल बदलून आणू लागले. टेबल नाण्यांनी भरायचं, रिकामं व्हायचं. सापडत मात्र काही नव्हतं. भिंतीपलीकडून त्यांचे उसासे तिला ऐकू यायचे.

मग बँकेतल्या कॅशियर बाईंचा फोन आला.

"तुमच्या बाबांकडे बघवत नाही हो. पुलापलीकडे जुन्या नाण्यांचं एक दुकान आहे. तुम्ही एखादं आणून दिलंत, तर मी त्यांच्या रोलमध्ये सरकवीन. नियमात बसत नाही, पण नियमाला कुठे डोळे असतात?"

त्या दिवशी ती उठली. केसांतला गुंता सोडवायलाच तिला बराच वेळ लागला. बाबांना "पाय मोकळे करून येते" एवढंच सांगितलं. कुठे, कशाला, काही न विचारता त्यांनी तिच्या हातात छत्री दिली.

दुकानदाराने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, तरी तो डोळा अर्धा मिटलेलाच राहायचा. तिने मनातल्या मनात त्यांना भिंगवाले काका करून टाकलं.

"किती जुनं हवं?"

"सापडल्यासारखं वाटेल इतपत."

"मग झिजलेलंच देतो. चकचकीत दिलं तर चोरी उघडी पडेल."

कॅशियर बाईंना ती म्हणाली, "अगदी टोकाला नका ठेवू. मधोमध ठेवा. शोधल्याचं समाधान मिळू दे त्यांना."

तेव्हापासून दर शुक्रवारी दोन बस बदलून ती दुकानात जायची. काका तिला स्टुलावर बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि खरं-खोटं ओळखायला शिकवायचे. पुढे तीच त्यांच्या चुका काढू लागली. एकदा त्यांनी चांदीच्या खणात ठेवलेलं नाणं तिने नुसतं हातात तोलून खोटं म्हणून बाहेर काढलं.

काका भिंग पुसत म्हणाले, "पोरी, माझी नजर आता दगा देते. सोमवारपासून येतेस का कामाला? पगार फार नाही. पण बोलणी खावी लागणार नाहीत, ती मीच तुझी खातोय."

तिला हे काम हवं होतं. इतकं हवं होतं, की तिला भीती वाटली. दिवसभर ती बाहेर राहणार, आणि घरात बाबा, ती खुर्ची आणि ती शांतता. ते पुन्हा मिटून गेले तर?

शनिवारी तिने भीतभीतच विषय काढला. बाबा तपासलेली नाणी कागदात गुंडाळत होते.

"जा की," ते म्हणाले. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

"एकटे कंटाळाल."

"डोक्यावर बसणारं कुणी नसेल, तर चार डुलक्या तरी धड काढीन."

पण गुंडाळीचं टोक दुमडायचं तसंच राहिलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. तिला कामाला नाही म्हणावंसं वाटलं. मग तिने दुसरंच ठरवलं.

सोमवारी दुकानात पाऊल टाकताच ती म्हणाली, "काका, माझी एक अट आहे. दर आठवड्याला बाबांसाठी एक नाणं बाजूला काढायचं. माझ्या पगारातून कापा. तुमचे आणि त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू? बाबांना तुम्ही पुन्हा माणसांत आणलंत."

काकांनी भिंग काढलं. मग त्यांनी काउंटरखालचा खण ओढला. गेल्या शुक्रवारचं एक सोडलं, तर आजवर तिने नेलेली सगळी नाणी त्यात होती.

"ही इथे कशी?"

"सोमवार आला की तुझे बाबाच परत आणून द्यायचे. तुझ्या बाबांना नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही गं. पहिल्यांदा आले तेव्हा या दारात उभे राहून म्हणाले, आई गेल्यापासून पोरीने घराचा उंबरा ओलांडलेला नाही; बँकेतल्या बाई तिला फोन करायला तयार आहेत, ती आली की तुम्ही फक्त नाणं द्या."